बदलांची चवड

सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस दिवसाचा बराच वेळ वाचत असतो, ही गोष्ट या व्यवसायाबाहेर फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या प्रणालीत आम्ही दहा ओळी बदलल्या तरी त्या थेट मूळ संहितेत जात नाहीत. दुसऱ्या कुणीतरी त्या वाचायच्या, शंका विचारायच्या, दुरुस्त्या सुचवायच्या. मग संमती मिळते. या वाचनाला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात आणि ‘माझा हा बदल वाचा व सामावून घ्या’ या विनंतीला ‘पुल रिक्वेस्ट’. संपादकाकडे लेख जातो तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे प्रत्येक जण आळीपाळीने लेखकही असतो आणि संपादकही.

या वाचनातून एखादी ओळ निसटली तर काय होते, याचे एक उदाहरण फेब्रुवारी 2014 मध्ये जगासमोर आले. ॲपलच्या प्रणालीत सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा होती. पहिली एका अटीखाली होती. दुसरीला कोणतीच अट लागू नव्हती. त्यामुळे तिच्यापुढची सही पडताळण्याची पायरी वगळलीच जाई, आणि पलीकडचे संकेतस्थळ खरे की तोतया याची खात्री न होताच जोडणी मान्य होई. ती ओळ कुठे दडलेली नव्हती. संहिता उघडणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होती.

मानवी लक्षाला मर्यादा असते, आणि या बाबतीत ती थोडीफार मोजलीही गेली आहे. सिस्को या कंपनीत झालेल्या सुमारे 2,500 परीक्षणांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की एका बैठकीत 200 ते 400 ओळींच्या पुढे गेले की दोष सापडण्याचे प्रमाण घसरते. गूगलमधील परीक्षणपद्धतीवरचा शोधनिबंध 2018 चा. तिथल्या बदलांच्या आकाराचा मध्यक अवघा 24 ओळींचा निघाला. हा अनुभव आमच्यापैकी प्रत्येकाच्या गाठीशी आहे. तीस ओळी वाचायला दिल्या तर वाचक पाच शंका काढतो. दीड हजार ओळी दिल्या तर ‘ठीक वाटते’ एवढे लिहून मोकळा होतो.

मग सगळेच लहान लहान बदल का पाठवत नाहीत? कारण कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून असतात. पहिला तुकडा मान्य होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही असे ठरवले, तर माणूस बसून राहतो. पुण्यातल्या कित्येक संगणक अभियंत्यांचे परीक्षक कॅलिफोर्नियात असतात. दोन्हींच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर. इथे संध्याकाळी सहाला पाठवलेला बदल तिथे पहाटे पोहोचतो. उत्तर येते तेव्हा इकडे मध्यरात्र उलटलेली असते. चार तुकडे एकामागून एक मान्य करून घ्यायचे म्हटले तर आठवडा सरतो. त्यापेक्षा सगळे एकत्र बांधून एकच मोठे गाठोडे पाठवण्याचा मोह होतो, आणि वाचनाची गुणवत्ता नेमकी तिथेच ढासळते.

या पेचातून काढलेली वाट म्हणजे बदलांची चवड. पहिला तुकडा परीक्षणासाठी पाठवायचा आणि उत्तराची वाट न पाहता त्याच्याच माथ्यावर दुसरा रचायचा, दुसऱ्यावर तिसरा. प्रत्येक थराची पुल रिक्वेस्ट वेगळी. तिच्यात खालच्या थराच्या तुलनेत जेवढे नवे तेवढेच परीक्षकाला दिसते.

समजा, एका मासिकाच्या वर्गणीदारांची नोंद ठेवणारी प्रणाली आहे आणि तिच्यात ‘दिवाळी अंक दुसऱ्याला भेट पाठवा’ ही सोय करायची आहे. मी त्याचे चार थर करीन. पहिल्यात विखुरलेली जुनी संहिता फक्त आवरायची, वागणूक तीच. दुसऱ्यात पत्त्यांसाठी स्वतंत्र तक्ता. तिसऱ्यात नियम: पैसे वर्गणीदाराकडून, अंक भेट घेणाऱ्याला. चौथ्यात ग्राहकाला दिसणारा अर्ज. आता दुसऱ्या थराचा परीक्षक विचारतो, ‘पिनकोड संख्या म्हणून का साठवला आहे?’ भारतातला पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून इथे काही बिघडणार नाही. पण न्यू जर्सीतल्या एडिसनचा टपाल क्रमांक 08820 आहे. संख्या म्हणून साठवला की पुढचे शून्य गळते आणि 8820 उरतात. तिथल्या मराठी कुटुंबाला पाठवलेला अंक भलतीकडे भरकटणार. साठ ओळींच्या थरात ही शंका सुचते. दीड हजार ओळींच्या गाठोड्यात ती सुचण्याआधीच डोळे पुढे सरकलेले असतात.

खरी अडचण या शंकेनंतर सुरू होते. दुसरा थर दुरुस्त करायचा, पण त्यावर तिसरा आणि चौथा उभे आहेत. ‘गिट’ या साधनात बदलाच्या प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात, आणि प्रत्येक कमिटला तिच्या आशयावरून काढलेला एक ठसा असतो. सर्वसाधारणपणे तो 40 चिन्हांचा असतो. हा ठसा काढताना आधीच्या कमिटचा ठसाही हिशेबात धरलेला असतो. त्यामुळे खालची एक नोंद बदलली की तिचा ठसा बदलतो, म्हणून तिच्यावरचीचा बदलतो, आणि असे थेट माथ्यापर्यंत. गिटमध्ये जुने कमिट दुरुस्त होतच नाही. त्याच्या जागी नवे लिहिले जाते आणि वरची सगळी त्याच्यावर पुन्हा रचावी लागतात. या पुनर्रचनेला ‘रिबेस’ म्हणतात.

‘ब्रँच’ किंवा शाखा म्हणजे तरी काय? एखाद्या कमिटकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. चार थरांच्या चार चिठ्ठ्या. रिबेसने माथ्याची चिठ्ठी नव्या जागी येते; मधल्या मात्र जुन्याच कमिटांना चिकटून राहतात. प्रत्येक थर हाताने हलवायचा तर कंटाळा येतो आणि एखादा हमखास राहून जातो. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या गिटच्या 2.38 या आवृत्तीने यासाठी ‘अपडेट-रेफ्स’ हा पर्याय दिला. सर्वांत वरच्या थरावर उभे राहून टर्मिनलमध्ये ‘गिट रिबेस’ची आज्ञा या पर्यायासह दिली, की वाटेतल्या सगळ्या चिठ्ठ्याही आपापल्या नव्या कमिटवर जाऊन बसतात. मग बदललेल्या शाखा सर्व्हरवर पुन्हा पाठवायच्या. तिथले जुने पुसले जाणार असल्याने इथे ‘फोर्स-विथ-लीज’ हा पर्याय वापरावा. सर्व्हरवरची शाखा आपण शेवटची पाहिली तशीच असेल तरच तो ती पुसू देतो. मधल्या काळात सहकाऱ्याने काही भर घातली असेल तर अडवतो.

दुसरा पेच थर मान्य झाल्यावर येतो. अनेक ठिकाणी ‘स्क्वॉश’ करण्याची रीत आहे: एका थरातली पाच-सहा कमिटे दाबून एकच करायची आणि ती ‘मेन’ या मुख्य शाखेत घालायची. आशय तोच, पण ठसा नवा. वरच्या थराच्या पोटात मात्र जुनी पाच-सहा कमिटे तशीच असतात. ती मेनमध्ये पोहोचली आहेत हे गिटला ओळखता येत नाही, आणि मग आपल्याच ओळी आपल्याशी भांडू लागतात. यावर ‘रिबेस’चाच ‘ऑन्टो’ हा पर्याय आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठे ठेवायचे, कुठपर्यंतचे सोडायचे आणि कोणती शाखा उचलायची. म्हणजे, ‘पहिल्या थराच्या जुन्या टोकापर्यंतचे सोड, त्यानंतरचे सगळे उचल आणि मेनवर ठेव.’ ग्रॅफाइटचे ‘जीटी’, पायटॉर्चच्या परिसरात वापरले जाणारे ‘जीएच-स्टॅक’, मेटाने 2022 मध्ये खुले केलेले ‘सॅपलिंग’ ही साधने अशी उस्तवार स्वतःकडे घेतात. ‘जुजुत्सु’ तर खालचे कमिट बदलताच वरची सगळी आपोआप पुन्हा रचून ठेवते.

साधने नवी असली तरी कल्पना जुनी आहे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे लोक गिटच्या जन्माआधीपासून, म्हणजे एप्रिल 2005 च्या आधीपासून, ईमेलने बदलांच्या मालिका पाठवत आले आहेत. सातांपैकी पहिला, सातांपैकी दुसरा असे क्रमांक विषयाच्या ओळीतच असतात. आरंभी बहुधा ‘सातांपैकी शून्यावा’ असतो. त्यात संहिता नसते. मालिका कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वाचावी हे सांगणारी प्रस्तावना असते. अँड्र्यू मॉर्टन यांनी अशा मालिका सांभाळण्यासाठी आज्ञावल्या लिहिल्या होत्या. त्यांतूनच पुढे ‘क्विल्ट’ हे साधन आकाराला आले. पुढे 2008 मध्ये सुरू झालेल्या गिटहबमुळे पुल रिक्वेस्ट घरोघरी पोहोचली, पण तिच्यात एक शाखा हेच एकक ठरले आणि मालिकेची शिस्त मागे पडली. आजची चवडीची साधने तीच शिस्त परत आणू पाहतात.

साधन थर हलवून देते. थर कुठे पाडायचा हे सांगत नाही. ते लेखकाचे काम आहे. मी स्वतः दोन कसोट्या लावतो. थराचे शीर्षक ‘आणि’ न वापरता एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. आणि त्या थराशी थांबले तरी प्रणाली चालली पाहिजे. दुसरी कसोटी पुढे उपयोगी पडते. महिन्यांनंतर एखादा दोष उघड झाला, की ‘गिट बायसेक्ट’ इतिहास निम्मा-निम्मा कापत दोषी कमिट शोधते. हजार कमिटांतून सुमारे दहा चाचण्यांत. मात्र मधलेच एखादे कमिट चालत नसेल तर तिथे चाचणीच घेता येत नाही.

चवडीलाही मर्यादा आहेत. परस्परांशी संबंध नसलेले बदल एकावर एक ठेवणे व्यर्थ. ते शेजारी शेजारी असावेत, नाहीतर एकाच्या उशिराने दुसरा अडतो. चवड उंच होत गेली की तळातला एक आक्षेप सगळ्यांना हलवतो. म्हणून सर्वांत वादग्रस्त निर्णय तळाशी ठेवून तो आधी वाचून घ्यावा. परीक्षक वाचत असताना थर पुनःपुन्हा बदलले, तर त्याने कुठपर्यंत वाचले होते हे त्यालाच कळेनासे होते. अशा वेळी काय बदलले ते दोन ओळींत लिहून कळवणे, ही साधी रीत कोणत्याही आज्ञेपेक्षा अधिक कामाची.

चवडीतला क्रम हा काम प्रत्यक्षात घडले तो क्रम नसतो. माझ्या त्या चार थरांत अर्जाचा कच्चा आराखडा कदाचित सर्वांत आधी झालेला असेल, आणि आवराआवर शेवटी सुचलेली असेल. वाचणाऱ्याला समजावे म्हणून ती पहिली येते. हा वाचक म्हणजे केवळ आजचा परीक्षक नव्हे. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवते. दहा वर्षांनी कुणी नवखी अभियंता पत्त्यांचा तक्ता उघडून टपाल क्रमांक अक्षरे म्हणून का साठवला आहे, असे विचारील. तेव्हा तिला दीड हजार ओळींचे गाठोडे सापडण्याऐवजी साठ ओळी आणि त्यांच्याखाली एडिसनच्या शून्याचा उल्लेख सापडला, तर ती तो तक्ता बदलण्याआधी थांबेल.