नातीसाठीं सागवानी पेटी

शेतकऱ्याच्या घरीं नातवंड जन्मास आलें कीं वाळे, अंगडें-टोपडें हें ठरलेलें असतें. पण ज्याच्या बांधावर सागाचें झाड उभें आहे, त्या आजोबाच्या मनांत पेटीचा विचार आल्यावांचून राहत नाहीं. विचार उत्तम आहे. माझ्या मुलाच्या मुलीसाठीं गेल्या वर्षीं मीं व गांवच्या सुतारानें मिळून अशी पेटी केली. त्या कामीं जें ध्यानांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम लांकूड. साग आपल्या जमिनींत असला तरी तो मनास येईल तेव्हां तोडतां येत नाहीं. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादींत सागाबरोबर आंबा व चिंच हींही आहेत. परवानगीसाठीं अर्ज करावा लागतो आणि सात-बाराच्या उताऱ्यावर झाडाची नोंद नसेल तर तेथेंच घोडें अडतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे पुष्कळ अर्ज परत जातांना मीं पाहिले. आम्हीं ह्या भानगडींत पडलों नाहीं. जुनी पडवी उतरविली होती, तिच्या तुळया घेतल्या. अशा लांकडाचें वाळण्याचें काम कधींच होऊन गेलेलें असतें. आंतले खिळे मात्र शोधून काढावे, नाहींतर रंध्याचें पातें जातें. ज्यांना नव्या लांकडावांचून गत्यंतर नाहीं त्यांनीं फळीच्या एक इंच जाडीस सावलींत एक वर्ष, हा जुना हिशोब धरावा. सागाचा गाभा तेलकट असल्यानें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. बाहेरचा पांढरट भाग मात्र कीड खाते, तो काढून टाकावा.

वाळलेलें लांकूडही हलतें. पावसाळ्यांत फळी रुंदींत फुगते, उन्हाळ्यांत आकसते. लांबींत जवळजवळ फरक पडत नाहीं. म्हणून तळाची फळी चारी बाजूंनीं खिळ्यांनीं जखडली तर वैशाखांत ती मधोमध तडकते. बाजूच्या फळ्यांना आंतून खांच पाडून तींत तळ मोकळा बसवावा, सरस लावूं नये. झांकणाची फळीही चौकटींत तशीच. कोपऱ्यांस सुतारानें पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दांते पटाशीनें कापून एकमेकांत गुंतविले. एका कोपऱ्यास एक सकाळ लागली. मजुरी देतांना हात आंखडूं नये एवढेंच सांगतों.

सुताराचा व माझा मतभेद झाला तो झांकणावरून. लपंडाव खेळतांना मूल पेटींत शिरतें. झांकण पडून कडी आपोआप बसली तर आंतली हवा थोड्याच वेळांत संपते आणि आंतून हाक मारली तरी बाहेर ऐकूं येत नाहीं. म्हणून आपोआप बसणारी कडी लावूंच नये. दोन्ही बाजूंच्या फळ्यांस सामत्यानें भोकें पाडून आंतून पितळी जाळी ठोकावी. भोकें मागच्या फळीस पाडूं नयेत. पेटी भिंतीस टेंकली कीं तीं बंद होतात. झांकणाच्या पुढल्या कडेखालीं दोन टोंकांस अर्ध्या इंचाचे ठोकळे मीं बसवावयास सांगितले. त्यांनीं हवा खेळते आणि बोटेंही चेंगरत नाहींत. "फट राहिली तर ती पेटी कसली, रावसाहेब?" असें सुतार म्हणाला. त्याच्या कसबाच्या दृष्टीनें तें खरें होतें. पण ठोकळे बसले. मूल मोठें झाल्यावर ते काढतां येतील.

आंतून पॉलिश लावूं नये, कपड्यांस वास धरतो. बाहेरून जवसाचें तेल पुरे. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नका. ते आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या घरीं कडब्याची गंज लांब नसते. बोळे मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावे.

आतां पेटींत काय ठेवावें? आजीनें लुगडें ठेवलें. मीं जन्माचा दाखला व वडिलोपार्जित शेताचा चालू उतारा लाल रुमालांत बांधून ठेवला. मुलीस पेटी, भांडीं, दागिने दिले म्हणजे देणें फिटलें, असा समज गांवोगांवीं अद्याप आहे. हक्कसोडपत्रावर सही करून फेरफारासाठीं आलेली एक बाई "दादानं लग्नांत पेटी दिली, आतां आणखी काय मागूं?" असें बोललेली मला आठवते. एकत्र हिंदु कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मापासून हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. त्यासाठीं बाप २००५ सालीं हयात असण्याची जरुरी नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. मुलगी सही करो वा न करो, तो तिचा प्रश्न आहे. पण आपण काय सोडीत आहों तें तिनें वाचलेलें असावें.

नात सध्यां दोन वर्षांची आहे. ती रुमालाची गांठ सोडूं पाहते, म्हणून तो झांकणाच्या आंतल्या बाजूस एका उथळ कप्प्यांत खिळवून टाकला आहे. त्या कप्प्यास लागलेलें लांकूड तुळयांतून उरलेल्या तुकड्यांचेंच आहे.