आंबणे आणि फुगणे : तळणीच्या दोन पदार्थांवरून

पाठ्यपुस्तकांच्या मराठीत 'किण्वन' हा शब्द आता स्थिरावला आहे. इडलीचे पीठ, ताडी, पाव, दही या सर्वांच्या मुळाशी असलेली क्रिया त्या एका शब्दाने सांगता येते, आणि शास्त्रदृष्ट्या त्यात वावगे काही नाही. घरगुती मराठीला मात्र तो पुरत नाही. तिने या क्षेत्रात दोन क्रियापदे वेगळी राखली आहेत : आंबणे आणि फुगणे. नाशिकच्या घरांत दिवाळीला व अधिक महिन्यात होणारा अनारसा आणि वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नकार्याला होणारा फुगा यांच्या कृती शेजारी ठेवल्या म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावे लागते. चौथ्या दिवशी ते फडक्यावर सावलीत पसरून, किंचित ओलसर असतानाच कुटायचे, पीठ बारीक चाळायचे, त्यात जवळजवळ समभाग गूळ अथवा साखर व थोडे तूप मिसळून गोळे डब्यात ठेवायचे. निदान तीनचार दिवस तरी ते मुरले पाहिजेत. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर तुपात तळायचे व न उलटता झाऱ्याने वर तूप उडवायचे. येथे तांदूळ आंबतो. हे मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंचे काम होय. पीठ फुगत नाही, आणि फुगावे अशी अपेक्षाही नाही. अनारशाला जाळी पडते ती वितळणारी साखर व निसटणारी वाफ यांमुळे. गोड अधिक झाले किंवा पीठ ओले राहिले तर अनारसा तुपात विरघळतो. त्याला 'अनारसा हसला' म्हणतात. जाळी आणि हसणे यांत अंतर थोडेच असते. या जाळीमुळेच अधिक महिन्यात जावयाला द्यावयाच्या तेहतीस नगांच्या वाणात अनारशाला मान आहे.

फुग्याची गोष्ट निराळी. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. गव्हाच्या फुगवलेल्या पिठाची तेथील परंपरा त्या काळाशी जोडली जाते. मैदा, अंडी, नारळाचे दूध, मीठ, थोडी साखर आणि ताजी ताडी असे सैलसर पीठ हाताने खूप फेसून झाकून ठेवतात. ते दुप्पट झाले की मुठीत घेऊन अंगठा व तर्जनी यांमधून गोळा दाबून काढतात आणि कढत तेलात सोडतात. गोळे गरगरीत होतात व सामान्यतः मटणाच्या वा डुकराच्या मांसाच्या रश्शाबरोबर खाल्ले जातात. नाव परिणामावरून पडले आहे. ज्या द्रव्याने तो घडतो त्याचा त्यात उल्लेख नाही.

ताडीतील यीस्ट साखरेपासून कर्बवायू निर्माण करते आणि मैद्यातील चिवट ग्लुटेन तो धरून ठेवते. तांदळात ग्लुटेन नसल्यामुळे अनारशाला हा मार्ग बंदच आहे. तेलात फुगा आणखी वाढतो, पण तेव्हा काम यीस्टचे नसते. सुमारे ५५ ते ६० अंश सेंटिग्रेडला ते मरते, आणि कोंडलेला वायू व वाफ यांचेच प्रसरण होते.

ताडी स्वतःच या दोन्ही क्रियापदांतून जाते, ही मोठी मौजेची गोष्ट. पहाटेची ताडी पीठ फुगवते. तीच राहिली की आंबते, आणि पुढे तिचा सिरका होतो. म्हणून फुग्याला ताडी ताजी लागते. आता बहुधा कोरडे यीस्ट वापरतात, आणि 'यीस्ट' हा शब्दही त्यासोबत स्वयंपाकघरात आला आहे. 'खमीर' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द मराठीत होता, परंतु तो घरांपेक्षा भटारखान्यातच अधिक राहिला. 'किण्व' तर त्याहून कितीतरी जुना : कौटिलीय अर्थशास्त्रात सुरेसाठी उडीद व तांदूळ यांपासून करावयाच्या किण्वाचे प्रमाण दिले आहे. पण तो घरगुती बोलीत उतरला नाही.

शब्द चुकला तर पदार्थ बिघडतो. डोनटच्या इंग्रजी कृतीचे मराठीकरण करताना 'पीठ आंबवून घ्यावे' असे लिहिले, तर इडलीची सवय असलेली वाचक ते रात्रभर ठेवील. नाशिकच्या वैशाखात तेवढ्यात पीठ फुगून बसेल, त्याला आंबूस दर्प येईल, जाळे सैल होईल आणि गोळा तेल पिईल. साखर यीस्टने संपविल्यामुळे रंगही फिका येईल. तेथे 'दुप्पट फुगेपर्यंत ठेवावे' असेच लिहिले पाहिजे, आणि बोटाने दाबलेला खळगा सावकाश भरून आला म्हणजे पीठ तयार झाले, ही खूणही जोडावी. उलट अनारशाच्या कृतीत 'तांदूळ फुगेपर्यंत भिजवावे' असे लिहिल्यास काही तासांत काम झाल्याचा समज होईल. कारण तांदूळ पाण्याने लवकर फुगतो, आंबायला मात्र तीन दिवस घेतो.