जुनेर टाकायचे कशाला?

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत एकाच अंथरुणाला दोन नावे असतात. सासूबाई त्याला वाकळ म्हणतात, धारवाडकडून आलेली सूनबाई कौदी म्हणते आणि नातवंडे दोन्ही नावे ऐकत त्याच उबेत झोपी जातात. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची आपली कुंची तिकडे कुंचिगे होते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मराठी आईने शिकवले, तर 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' हे कन्नड अज्जीने. बाकी कशावरून वाद असोत, जुन्या कपड्याचे काय करायचे याबाबत दोन्हीकडच्या बायकांचे शहाणपण एकच होते.

'होते' असे म्हणायला कपाटच भाग पाडते. कपाटाचे दार उघडले की कपडे अंगावर येतात आणि तरीही 'घालायला काही नाही' ही तक्रार कायम. मोबाइलवर बोट टेकवले की तिसऱ्या दिवशी कुर्ती दारात. चार धुण्यांत तिचा रंग उतरतो, शिवण उसवते, आणि ती इतकी स्वस्त असते की टीप मारून आणायचे कोणाच्या मनातही येत नाही. एवढे स्वस्त कापड कोणाला तरी महाग पडतच असते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य बायका होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही कामगारांना कामावर बोलावले गेले.

आपल्याकडे जुन्या लुगड्याला 'जुनेर' हा खास शब्द आहे. त्या शब्दात टाकाऊपणा नाही, वापरून मऊ झाल्याचा भाव आहे. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याच्या जागी ते आधी जाते, काठ आणि पदर मात्र धडधाकट राहतात. मग बाई मधला विरलेला भाग कापून काढी आणि दोन्ही चांगले तुकडे जोडी. या जोडाला म्हणत 'दंड'. दंड घातलेले लुगडे नेसण्यात गरिबी होती हे खरे, पण लाज नव्हती. शिंपीदादाही शर्टाची झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवून देत. त्या शर्टाला आणखी दोन वर्षांचे आयुष्य मिळे. आज शर्टाची कॉलर उलटून द्या म्हटले तर कित्येक तरुण कारागिरांना आपण काय मागतो आहोत हेच कळत नाही.

दंडाचेही आयुष्य संपले की लुगड्याची वाकळ होई, वाकळीतून दुपटी निघत, दुपट्यांची फडकी होत आणि शेवटी पायपुसणे. ही उतरंड फार जुनी आहे. बौद्धांच्या विनयपिटकात कोसंबीचा राजा उदेन आणि भिक्खू आनंद यांची गोष्ट येते. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान केली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हा करणार काय, असा राजाला संशय आला. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना ती वाटू. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस, पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि झटकणी विरली की? ती कुटून चिखलात कालवायची आणि भुई लिंपायची! राजाचे समाधान झाले. चिखलात कालवण्याच्या पायरीपर्यंत आपल्यापैकी कोणी जात नसेल, पण शहाण्या घरात वस्तू कशी संपते त्याचा याहून चांगला हिशेब माझ्या वाचनात नाही.

वाकळ शिवणे हे दिसते तेवढे सोपे नाही. वर आणि खाली एकेक लुगडे, आत मऊ झालेली धोतरे, परकर, फाटक्या चोळ्या. बटणे, हुक, जाड शिवणी आधी काढून टाकायच्या, नाहीतर त्या रात्री पाठीला टोचतात. कापड जमिनीवर ताणून अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचे. चारचौघी चारी बाजूंनी बसल्या तर काम उरकते. एकटीनेच दुपारच्या फावल्या वेळात घेतले तर पंधरवडा सहज जातो. कौदीत वरच्या अंगाला इरकलच्या काठाचे तुकडे, खणाच्या त्रिकोणी कातरणी लावून नक्षी साधतात. गुळेदगुड्डचा खण आणि इरकलचा तांबडा पदर ज्या घरात एकदा आला, तो त्या घरातून तीन पिढ्या जात नसे. आधी अंगावर, मग कौदीवर, मग बाळाच्या कुंचीवर.

याच कलेचे एक वेगळे रूप आपल्या शेजारीच आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज. घरात कोकणी बोलतात, मराठी आणि कन्नडही जाणतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून 'कवंड' शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत येतात आणि शेवटी कोपऱ्यांवर तुकड्यांची छोटी फुले बसवतात. त्या फुलांवाचून कवंड पुरे झाले असे त्या मानत नाहीत. ख्रिस्ती घरातल्या कवंडावर क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्यावर चंद्रकोर. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन अभ्यासकाने या कवंडांचा अभ्यास केला आणि ती परदेशातल्या प्रदर्शनांत मांडली गेली. हल्याळला आपल्यापैकी अनेकांचे सोयरे आहेत, पण किती जणांनी कवंड मुद्दाम जाऊन पाहिले असेल?

आता अडचणीची गोष्ट. टेरिलीन, टेरिकॉट आले तेव्हा घरोघर आनंद झाला. इस्त्रीची कटकट नाही, कापड फाटता फाटत नाही. पण जे फाटत नाही ते मऊही होत नाही. पॉलिएस्टर साडीची वाकळ घाम शोषत नाही, अंगावरून घसरते, आणि आतले थर एकमेकांना धरून राहत नाहीत. ते कुजत नाही, आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून वाकळीसाठी कपडे निवडताना एक सोपी परीक्षा करावी. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत विरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. मुलांना हे करू देऊ नये.

पॉलिएस्टर म्हणजे कचरा असे मात्र नाही. त्याच्या बाजारपिशव्या उत्तम होतात. भिजल्या तरी बेळगावच्या पावसात तासाभरात वाळतात. जुन्या जीन्सच्या पायांचे जाड कापड पिशवीच्या बुडाला लावावे. सुती शर्टाची पाठ सहसा शाबूत असते, तिच्यात लहान मुलाचा झबला सहज निघतो. इरकलचे अंग विरले आणि पदर चांगला असेल तर तो नव्या सुती साडीला जोडता येतो. फक्त जुने रेशीम घडीवर तडकते, म्हणून त्याला आतून मलमलचे अस्तर द्यावे. खऱ्या जरीची जुनी साडी वजनावर घेणारे लोक ती जाळून चांदी काढतात. विकायचीच असेल तर विका, पण त्याआधी काठाला आणखी कोणती जागा आहे का ते पाहा.

एक मात्र स्पष्ट लिहिते. हल्ली धडधाकट इरकल कापून उशांचे अभ्रे आणि पर्स करण्याची टूम निघाली आहे. काही ठिकाणी तर ठिगळांची नक्षी करायला नवे कापड विकत आणून कापतात. याला जुनेराचा सदुपयोग म्हणता येत नाही. ज्या साडीत अजून दहा वर्षे नेसण्याचा जीव आहे ती नेसावी, नाहीतर नेसणारीला द्यावी. इरकलमध्ये सुती अंगाचा ताणा आणि रेशमी पदराचा ताणा फासे अडकवून जोडलेला असतो. ते 'टोप तेनी'चे काम प्रत्येक साडीला नव्याने करावे लागते. कात्री चालवायला एक क्षण पुरतो.

दुसऱ्याने वापरलेला कपडा घालणे कमीपणाचे, ही अढी अजून अनेक घरांत आहे. गंमत अशी की आपल्याकडे बाळाला बारशापर्यंत नवे कापड घालत नाहीत. आजीच्या लुगड्याचे लंगोट आणि दुपटे, हेच त्याचे पहिले वस्त्र. नव्या कापडातली खळ त्याच्या कातडीला सोसत नाही. जन्मतः जे चालते ते सोळाव्या वर्षी लाजेचे होते. थोरल्या बहिणीचा ड्रेस धाकटीला द्यायचा तर तिच्या मापात नीट बसवून, गळा बदलून, तिच्या आवडीचा काठ लावून द्यावा. ढगळ कपड्याची लाज वाटते, जुन्याची क्वचितच. घरातले माणूस गेल्यावर त्याचे कपडे ठेवायचे की द्यायचे, हा याहून नाजूक प्रश्न. काही घरी सगळे देऊन टाकतात, काही घरी आईचे एक लुगडे वाकळीच्या वरच्या थराला ठेवतात. दोन्ही बरोबर, पण घरातल्या सर्वांना विचारून करावे. घाईने दिलेले लुगडे पुन्हा मागता येत नाही.

देण्याचीही रीत असते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांवर पडून राहिले. कोळी बायकांना उपयोगी पडतील असे कपडे त्यांत थोडेच होते. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने असे न वापरलेले कापड उचलले, निवडले आणि सुती कापडापासून बायकांसाठी मासिक पाळीची धुतलेली, स्वच्छ फडकी केली. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरात, भूकंपात आपण गाठोडे बांधतो तेव्हा कपडा धुतलेला, बटणे लावलेला आणि तिथली माणसे घालतील असाच असावा.

आणि बोहारीण? स्टीलचे पातेले देऊन जुने कपडे नेणाऱ्या या बाईशी घासाघीस करण्यात आपल्या कितीतरी दुपारी गेल्या. पण धुणे, शिवणे, निवडणे हे सगळे काम तिच्या घरात होते, आणि तोच कपडा जुन्या बाजारात कोणाच्या तरी अंगावर जातो. जे कोणाच्याच अंगावर जाण्याजोगे नसते त्यातले काही पानिपतला पोहोचते. आपल्याला पानिपत म्हटले की १७६१ आठवते, पण आज तिथल्या गिरण्या देशविदेशातल्या चिंध्या रंगांनुसार निवडतात, पिंजतात आणि पुन्हा सूत काढून स्वस्त घोंगड्या विणतात.

शिवून देणाऱ्या बायका आजही गल्लोगल्ली आहेत. वडगाव, शहापूर, खासबागच्या विणकर वस्त्यांतही हाताला सुईची सवय असलेल्या पुष्कळ जणी भेटतील. हाताने शिवलेली कौदी पुण्या-बंगळूरच्या दुकानांत हजारांच्या भावाने विकली जाते आणि आपण दारातल्या बाईशी शंभर रुपयांवरून अडतो. मजुरी ठरवताना साडी आपली आहे एवढेच पाहू नये, पंधरा दुपारी तिच्या आहेत. नवरात्राआधी घरोघर वाकळी धुवायला निघतात, तेव्हाच कोणती उसवली, कोणती नवी करायची ते ठरते. कापड निवडून, धुऊन, उन्हात वाळवून आत्ताच बाजूला ठेवलेत तर थंडीपर्यंत शिवून मिळेल.