कुरकुर फार, अर्ज एकही नाही

इंग्रज माणूस फार कुरकुऱ्या, असे खुद्द इंग्रजच एकमेकांना सांगतात. पाऊस आला तरी कुरकुर, ऊन पडले तरी कुरकुर. आगगाडी दहा मिनिटे उशिरा आली की फलाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे तोंड वाकडे. काही बिघडले की आपण जरा जास्तच तक्रार करतो काय, यावर त्यांच्यात वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, होय, आपण रडके झालो आहोत. दुसरा म्हणतो, छे! आपण फक्त मनातल्या मनात चरफडतो, आणि हॉटेलातला वेटर ‘जेवण कसे आहे साहेब?’ असे विचारायला आला की अळणी भाजीलाही ‘फार छान’ म्हणून मान हलवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा दुसरा पक्ष ऐकून आम्हाला आपला वर्धा जिल्हाच आठवला.

वर्ध्याच्या बसस्थानकावर आर्वीच्या नाही तर हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या मंडळींचे बोलणे कधी कान देऊन ऐका. गाडीचा पत्ता नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावून घेतला, पण धान्य कमी मापले. लाईट चार तास नव्हती, बिल मात्र दुपटीने आले. पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला पाचवा हेलपाटा झाला. तासभर असे चालते आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. मग कोणी तरी विचारावे, ‘अर्ज केला काय?’ त्याचे उत्तर ठरलेले आहे : ‘जाऊ द्या ना बाप्पा, कायले झंझट!’

तक्रार हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणे’. म्हणजे एकदा बोलून घरी परतला त्याची तक्रार अजून झालीच नाही. कुरकुर शेजाऱ्याजवळ होते. तक्रार ज्याच्या हाती काम आहे त्याच्या टेबलावर जाते, तिच्यावर तारीख असते, आणि मला अमुक एक गोष्ट करून हवी आहे असे तिच्यात लिहिलेले असते. या मापाने मोजले तर आपण फार तक्रारी करतो असे कोणी म्हणू शकणार नाही. आपण फार थोड्या करतो.

आपल्या समाजाला हे येत नाही म्हणावे, तर इतिहास उलटच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या शिपाईगिरी केलेल्या घरांची भाकर गेली. तेव्हा पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढे आले. हे कोणी वकील नव्हते, बॅरिस्टर नव्हते. मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि १,५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे पाठवला. विचार करा, त्या काळात सही करू शकणारे किती असतील आणि अंगठे किती! सरकारने दाद दिली नाही. म्हणून १९१० साली दुसरा अर्ज, तोही थेट लंडनला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे. पोलिसात आणि सैन्यात आमच्या लोकांना घ्या, ही त्यातली मागणी. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, १९२१ ला ती मोडली, आणि महार रेजिमेंट कायमची उभी झाली ती १९४१ साली. पहिल्या अर्जापासून मोजले तर ३८ वर्षे. एका अर्जाने हे सगळे झाले असे आम्ही म्हणत नाही, युद्धालाही माणसे हवी होती. पण मागणी कागदावर होती, आणि कागद टेबलावर होता.

परमपूज्य बाबासाहेबांची रीत तर आपण जाणतोच. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते अवघ्या २७ वर्षांचे होते. आमचे हाल आहेत, दया करा, असा सूर तिथे नव्हता. मतदानाचा हक्क कोणाला, प्रतिनिधी किती, हे आकड्यांनिशी मांडले होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढेही तेच, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने लेखी निवेदन. इंग्रजांना कुरकुरे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण त्यांच्याच दप्तरात त्यांच्याच विरुद्ध पक्की तक्रार कशी नोंदवावी, हे आपल्या माणसांनी दाखवले होते.

आता इंग्रजांच्या देशातलीच एक अलीकडची हकिगत ऐका. तिकडे गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसे किराणा दुकानासारखी चालवायला देतात. १९९९ पासून त्या दुकानांत ‘होरायझन’ नावाची संगणक यंत्रणा बसवली. यंत्रणेतच दोष होता. दिवसाचा हिशेब लावला की गल्ल्यात पैसे कमी दिसायचे. दुकानदार मदतीच्या फोनवर सांगायचे, आमचा हिशेब जुळत नाही. त्यातल्या कित्येकांना उत्तर मिळाले, बाकी कोणाचीच अशी तक्रार नाही, तुमची एकट्याचीच आहे. तुटीचे पैसे घरातून भरून घेतले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. त्यात आपल्या हिंदी वंशाची माणसेही बरीच. सीमा मिश्रा नावाची बाई २०१० साली तुरुंगात गेली, तेव्हा ती गरोदर होती. तिच्यावरचा डाग २०२१ साली पुसला गेला.

हे उघडकीला आणले कोणी? वेल्समधल्या अॅलन बेट्स या दुकानदाराने. त्याचे दुकान २००३ साली काढून घेतले होते. प्रत्येकाला ‘तुम्ही एकटेच’ सांगितले जाते, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने इतर माणसे शोधायला सुरुवात केली. २००९ साली संघटना केली. शेवटी ५५५ जणांनी मिळून दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यंत्रणेतच दोष होता असे ठरवले. जानेवारी २०२४ मध्ये या प्रकरणावरची मालिका दूरदर्शन संचावर घराघरांत पाहिली गेली, देश हळहळला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द झाल्या. वीस वर्षे एक माणूस तेच ते सांगत राहिला. त्यालाही लोक तक्रारखोरच म्हणाले असतील.

‘तुमची एकट्याचीच तक्रार आहे’ हे वाक्य आपल्या खिडक्यांवरही ऐकू येते. म्हणून रेशनचे माप कमी भरते असे वाटले की आधी वस्तीतल्या पाच घरी विचारावे. पाच पावत्या, पाच सह्या, एक अर्ज. मायमाऊल्यांनी हे काम पुरुषांपेक्षा चांगले होते, कारण कोणाच्या डब्यात किती तांदूळ आला हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

फार तक्रार करतात, हा ठपका कोणावर येतो तेही पाहिले पाहिजे. श्रीमंताने बँकेत आवाज चढवला तर मॅनेजर खुर्ची देतो. मजूर बाईने मजुरीचा हिशेब मागितला तर ती भांडकुदळ ठरते. अॅट्रॉसिटी कायद्याचे काय झाले ते आठवा. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातले, कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीचे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गैरवापराचे कारण देऊन प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी मंजुरीची अट घातली. देशभर लोक रस्त्यावर आले. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून त्या अटी काढल्या, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले.

खेड्यात तक्रारीची किंमत वेगळी असते, हे शहरातल्या सल्लागारांना उमगत नाही. ज्याच्या शेतात उद्या वेचणीला जायचे, त्याच्याच विरुद्ध आज अर्ज कसा द्यायचा? काम बंद, दुकानातली उधारी बंद, पाण्याची वाट बंद. ‘कायले झंझट’ म्हणणाऱ्याला म्हणूनच आम्ही भित्रा म्हणणार नाही. मात्र अशी कोंडी करणे हाच गुन्हा आहे, हे गावात सर्वांना माहीत असायला हवे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने बहिष्काराचा समावेश झाला आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद दिली की ती वाचून दाखवलीच पाहिजे, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. प्रत हाती पडल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये.

रोजच्या कामाच्या तक्रारी त्यामानाने सोप्या आहेत. पान भरून रामायण लिहू नका. काय झाले, कधी झाले, काय हवे, एवढे पुरे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच घरी आणावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे कुरकुरच. फोनवर तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून ठेवावा : रेशनसाठी १९६७, विजेसाठी १९१२, खरेदीत फसवणूक झाली असेल तर १९१५.

दाखल्यांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल हे कार्यालयाने फलकावर लावायचे असते. (असे फलक लावण्याची कल्पनाही इंग्रजांचीच, त्यांचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी १९९१ साली नागरिकांची सनद काढली, आपल्याकडे ती १९९७ पासून आली. कुरकुऱ्यांनी एवढे तरी दिले.) मुदत टळली तर त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे अपील करता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फलक कपाटामागे गेला असेल तर कपाट सरकवायला सांगा.

शेतकरी बांधवांनी बियाण्याची पिशवी, लेबल आणि पक्के बिल पीक निघेपर्यंत फेकू नये. पिशवीतले मूठभर बियाणेही राखावे. २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवले नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात हजारोंनी कृषी कार्यालयात तक्रारी दिल्या, तेव्हा ज्याच्याकडे बिल होते त्याचेच बोलणे पुढे सरकणार होते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलेले आहे. त्यामुळे त्यालाही ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

हा आयोग प्रत्येक जिल्ह्यात आहे, वर्ध्यातही आहे. वस्तू कुठेही घेतलेली असो, २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार लावता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. आणि ज्याचा अर्ज कुठल्याच टेबलावर हलत नसेल, त्याच्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन भरतो. जाताना जुन्या सगळ्या पोच सोबत न्याव्यात.