मेन ब्रँचला कुलूप, स्वतःसाठीसुद्धा

रात्री दीडला मी कॉन्फिग फाइलमधला थ्रेशोल्ड ०.५ चा ०.३ केला. का, तर बघू काय होतंय. कमिट, पुश, आणि झोप. ते पुश थेट मेन ब्रँचवर गेलं. सकाळी लॅबमधल्या सहकाऱ्याने पुल केलं आणि त्याच कोडवर आपले रन लावले. तीन आठवड्यांनी पेपरसाठी आलेख पुन्हा काढायला बसलो तेव्हा आकडे जुळेनात. दोषी कमिटचा मेसेज होता ‘फिक्स’!

गिट स्वतःहून कुणाला अडवत नाही. त्याच्या दृष्टीने ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारं नाव. ज्याला पुश करता येतं तो ते बोट हलवू शकतो, आणि फोर्स पुश केलं तर मागेही नेऊ शकतो.

पहिला उपाय म्हणून मी प्री-कमिट हुक लिहिला: ब्रँच मेन असेल तर कमिट नाकार. पण हुक आपल्या मशीनवरच्या डॉट-गिट फोल्डरमध्ये राहतात, क्लोनसोबत जात नाहीत. म्हणजे कुलूप फक्त माझ्याच दाराला. शिवाय ‘नो-व्हेरिफाय’ जोडलं की हुक गप्प बसतो. (रात्री दीडला मी तेच करणार, हे मला माहीत आहे.) तेव्हा अडवणूक सर्व्हरवरच हवी.

गिटहबवर रेपोच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्रँचेस’ उघडा, मेनसाठी नियम बनवा आणि मर्जआधी पुल रिक्वेस्ट सक्तीची करा. फोर्स पुश नियमासोबत आपोआप बंद होतं. माझी फसगत झाली ती पुढे. हे नियम मुळात ॲडमिनला लागू नसतात, आणि आपल्या संशोधनाच्या रेपोचा ॲडमिन कोण? आपणच! नियमांना कुणीच बगल देऊ नये असा एक पर्याय खाली असतो, तो टिक करा.

रेपोत एकटेच असाल तर अप्रूव्हलची अट मात्र काढा. स्वतःच्या पुल रिक्वेस्टला स्वतः मंजुरी देता येत नाही, आणि मग मर्ज अडकून बसतं. त्याऐवजी एक टेस्ट सक्तीची करा. आमची टेस्ट मूठभर डेटावर कोड चालवते आणि उत्तर साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघते. ०.३ तिथेच पकडला गेला असता.

खाजगी रेपो असेल तर फुकट खात्यावर हे नियम लागू होत नाहीत. विद्यार्थ्यांसाठीचं प्रो खातं आधी घ्या. गिटलॅबवर मुख्य ब्रँच सुरुवातीपासून संरक्षित असते, पण मेंटेनरला थेट पुश मोकळं असतं. ते बंद करा.

आणि पुश नाकारलं गेलं तर घाबरू नका. कमिट तुमच्या मशीनवर सुखरूप आहे. तिथूनच नवी ब्रँच काढा, ती पुश करा, पुल रिक्वेस्ट उघडा. मग आपली लोकल मेन सर्व्हरवरच्या मेनशी जुळवून घ्या, नाहीतर पुढच्या ब्रँचलाही तेच कमिट चिकटून येतं.