बंदुकीचा बायोडेटा

जुनी मस्केट दिसली, की मी आधी घोड्याखालची लोखंडी पट्टी बघते. हृदयाच्या आकारात व्ही-ई-आय-सी अक्षरं? म्हणजे माल ईस्ट इंडिया कंपनीचा! १८०८ च्या सुमारास हृदय गेलं, मागच्या पायांवर उभा सिंह आला. जुन्या पट्टीवर कारागिराचं नाव आणि सालही सापडतं. पण थांबा! गारगोटी धरणारा जबडा गायब, जागी आखूड हातोडा? शेजारी बुजवलेली स्क्रूची भोकं? मग ही गारगोटीची बंदूक नंतर पर्कशन कॅपवर आणलेली. लष्करांत कॅप रुळली १८४० च्या आसपास. थोडक्यात, साल जन्माचं, हातोडा करिअर-चेंजचा! त्यामुळे लगेच 'नकली' म्हणू नका. आणि पॉलिश? प्लीज, नको! खुणा घासल्या, की बायोडेटा कोरा.