सही-तपासणी बंद केल्याने टोकन सुरू होत नाही

माझगावच्या जीएसटी भवनात, म्हणजे पूर्वीच्या विक्रीकर भवनात, एके काळी गठ्ठ्यांनी जाणारे कागद आता संकेतस्थळावर भरले जातात, आणि कंपनीच्या नोंदणी अर्जावर शाईच्या सहीऐवजी यूएसबी टोकनमधली डिजिटल सही, अर्थात डीएससी, लागते. साहजिकच विंडोज अद्ययावत झाली आणि टोकन ओळखले गेले नाही, की ठरलेला सल्ला मिळतो.

गैरसमज : “कंपनी मुद्दाम अडवते; ड्रायव्हरची सही-तपासणी बंद करा, टोकन चालेल.”

वस्तुस्थिती : ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यात संवाद घडवणारा प्रोग्राम. तो कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, चालत असेल तर त्याची एक चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकते. म्हणूनच ६४-बिट व्हिस्टापासून अशा ड्रायव्हरवर निर्मात्याची डिजिटल सही सक्तीची झाली आणि २०१६ मधील विंडोज १०च्या १६०७ या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरसाठी मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून मिळालेली सही आवश्यक ठरली.

“शेजारच्या संगणकावर तोच ड्रायव्हर चालतो, मग इथेच का नाही?” हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कटकारस्थानात नसून मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजांत नोंदलेल्या सवलतींत आहे. जुन्या आवृत्तीवरून १६०७ वर आलेला संगणक, सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सही तपासणारी सोय, बंद असलेला संगणक आणि २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केलेला ड्रायव्हर यांना नवा नियम लागू झाला नाही.

विंडोजच्या सुरुवातीच्या पर्यायांतला (स्टार्टअप सेटिंग्ज) सातवा पर्याय निवडून तपासणी बंद केली, तरी ती पुढच्या रीस्टार्टपर्यंतच बंद राहते. शिवाय ज्या संगणकावरून कंपनीच्या नावाने सह्या होतात, त्याचाच पहारेकरी घरी पाठवण्याचा हा प्रकार आहे. त्याहून खेदाची बाब अशी, की बहुतेक टोकने सीसीआयडी या स्मार्ट कार्ड रीडरच्या प्रमाणित वर्गात मोडतात आणि त्या वर्गाचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. टोकनसोबत जे ‘ड्रायव्हर’ म्हणून मिळते ते मुख्यतः मिडलवेअर, म्हणजे सही करणारा प्रोग्राम आणि टोकनमधली चिप यांच्यातला दुभाषा असते. तो कालबाह्य झाला असेल तर जुना काढून निर्मात्याची चालू आवृत्ती टाकावी लागते. कर्नलच्या सही-तपासणीचा तिथे संबंधच येत नाही.

स्वतःचे उपकरण घडवणाऱ्यांनाही हाच मार्ग मोकळा आहे : प्रमाणित वर्ग किंवा विंडोजमधला विनयूएसबी हा तयार ड्रायव्हर वापरल्यास कर्नलसाठी एक ओळही लिहावी लागत नाही.

इतर गैरसमज

“सही आहे म्हणजे ड्रायव्हर निर्दोष.” सही निर्मात्याची ओळख पटवते, गुणवत्तेची हमी देत नाही; १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या रीतसर सही असलेल्या ड्रायव्हरने सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले.

“ॲपलने बाहेरच्यांचे ड्रायव्हर बंदच केले.” २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ड्रायव्हरकिट या संचाद्वारे ते कर्नलबाहेर लिहिता येतात.

“लिनक्सवर एकदा लिहिलेला ड्रायव्हर कायम चालतो.” कर्नलची अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे वचन लिनक्स जाहीरपणे नाकारते.

“विंडोज पुन्हा टाकली की डीएससी पुसते.” सही करणारी खाजगी किल्ली टोकनच्या चिपमध्ये असते; ती जाते ती घाईत टोकनच ‘इनिशियलाइझ’, म्हणजे पुसून कोरे, केल्यावर.